धुऱ्याकाठचे दोन ठिपके

आमच्या वाशीमच्या महाविद्यालयातल्या स्टाफरूममध्ये एक काळ असा होता, की 'फार' हा शब्द उच्चारायला माणसं घाबरत. फार ऊन आहे, फार गर्दी होती, हल्लीची मुलं फार बिघडली, यातलं काहीही तोंडातून निघालं की खिडकीजवळच्या खुर्चीवरून प्रश्न येई, "असं वाटते, का असं हाये?" विचारणारीचं डोकं वरसुद्धा झालेलं नसे. भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवता बुडवता पदार्थविज्ञानाच्या गोटे मॅडम एवढंच विचारत, आणि बोलणारा खोकून विषय बदलत असे.

माझी तर दर आठवड्याला पंचाईत. मी मराठीचा प्राध्यापक, अतिशयोक्तीवर माझं पोट चालतं. एका निरोप समारंभात मी म्हणालो, की सरांच्या जाण्यानं सारं महाविद्यालय पोरकं झालं. टाळ्या पडल्या. खाली येऊन बसलो तर शेजारून हळूच आवाज आला, "सर, पोरकं झालं म्हंता, पन मांगच्या तीन रांगा समोसे कवा येते हेच पाहून राह्यल्या होत्या." रांगा त्यांनी खरंच मोजल्या होत्या. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला या बाईंचा रागच येई.

इंदू गोटे. उंची बेताची, आवाज मात्र केनवडच्या बाजारात या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा. केनवडजवळच्याच एका वस्तीवर त्या वाढलेल्या. वडील गावचे कोतवाल. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या आणि उजव्या बाहीवर खडूची पूड कायम. साडी कोणतीही असो, पायात कापडी बूट. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणत, "पाय माहे हायेत, साडीचे नाहीत."

त्यांच्या स्कूटरचं हँडल डावीकडे वाकडं होतं. कधीतरी पडली होती, तेव्हापासून सरळ जायचं तर हँडल थोडं उजवीकडे धरावं लागे. पोस्टाच्या चौकात एकदा मी ती स्कूटर चालवायला घेतली आणि थेट केळीवाल्याच्या गाडीवर गेलो. मॅडम मागून शांतपणे चालत आल्या, एक डझन केळी घेतली आणि म्हणाल्या, "किती वाकडं हाये हे माहीत असलं म्हंजे झालं, सर. दुरुस्त कायले कराचं?" मला तेव्हा तो कंजूषपणा वाटला. दुर्बिणीचं यंत्रही असंच जरा वाकडं मोजतं आणि तो वाकडेपणा नेमका किती हे शोधण्यात या बाईंचे महिनेच्या महिने जातात, हे मला फार पुढे समजलं.

पंचेचाळिशी उलटल्यावर मॅडमनी पीएचडीला नाव नोंदवलं. मार्गदर्शक पुण्याचे, दुर्बीणही तिकडचीच, मोठमोठ्या तबकड्यांची, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी. विषय होता दीर्घिकांच्या छोट्या समूहांमधली चुंबकीय क्षेत्रं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे असलेली एकेक प्रचंड वस्ती. बैठकीत प्राचार्यांनी तो विषय दोनदा वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "मॅडम, याचा आपल्या वाशीमला उपयोग काय?"

"वाशीमले काहीच नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "पन वाशीम त्याच्यातच हाये."

मग त्यांनी सांगितलं, की आपली आकाशगंगाही अशाच एका लहानशा समूहात राहते. हजार-हजार दीर्घिकांचे मोठे गुच्छ असतात, त्यांच्यातलं चुंबकत्व जगभरचे लोक मोजतात. पण बहुतेक दीर्घिका राहतात पाच-दहांच्या टोळक्यात. तिथलं चुंबकत्व क्षीण, म्हणून तिकडे कमी लोक वळतात. "शहराचं समदे मोजते, साहेब. वाडीवस्तीवर कोन जाते?" प्राचार्यांनी सही केली. ते स्वतः वाडीवरचे होते.

मला हे सगळं समजावं असा त्यांचा हट्ट का होता कोण जाणे. एका दुपारी त्या मला बाजार समितीत घेऊन गेल्या. सोयाबीनची थप्पी लागली होती. आडत्या एक टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसत होता, बाहेर काढून तळहातावर दाणे ओतत होता.

"पाहा सर. पोतं उसवलं नाही, पन मधात काय हाये हे त्याले समजलं का नाही?"

"समजलं."

"आपला समूह म्हंजे हे पोतं. त्याच्या मांगं लय दूर रेडिओचे ठिपके हायेत. त्याईची लहर समूहातून आरपार आपल्याकडे येते. लहर डोलत येते, अशी. वाटेत चुंबकत्व भेटलं, की तिची डोलाची दिशा पिळल्या जाते. लांब लहर जास्त पिळते, आखूड कमी. किती पिळली हे मोजलं, की पोत्यात काय व्हतं हे समजते. एकेक ठिपका म्हंजे आपली एकेक नळी."

आडत्या हात थांबवून ऐकत होता. "बाई," तो म्हणाला, "माल घ्याचा हाये का नुसता पाह्यचा?"

"पाह्यचाच हाये, दादा. तिथून आनता येत नाही."

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, मला समजलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, समजल्यासारखं वाटलं.

आठ वर्षं त्या एका समूहाच्या मागे होत्या. सहा दीर्घिकांचं टोळकं, नाव म्हणजे नुसते आकडे. पहाटे उठून आठपर्यंत घरच्या संगणकावर काम, मग कॉलेज. पुण्याहून माहितीची हार्ड डिस्क आणायची तर ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्रभर मांडीवर. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं म्हणे, बाळाचं नाव काय ठेवलं? शेवटी निबंध तयार झाला आणि बाहेरच्या एका नियतकालिकाकडे गेला. निष्कर्ष असा, की त्या सहा दीर्घिकांच्या मधल्या, रिकाम्या समजल्या गेलेल्या जागेतही चुंबकत्व आहे. स्टाफरूमला पेढे मिळाले.

आणि एका मंगळवारी मॅडमनी भाकर अर्धी टाकली. मी हे कधी पाहिलं नव्हतं. त्या मोबाईलकडे पाहत होत्या. नियतकालिकाच्या परीक्षकाचं पत्र आलं होतं. त्यानं एकच विचारलं होतं: तुमच्या नकाशात समूहाच्या कडेला दोन ठिपके दिसतात, तुमच्या तक्त्यात ते नाहीत. का?

"काहून नाहीत?" मीही विचारलं.

मॅडमनी मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "सर, तुमी पीक कापनी पाह्यली?"

मी पाहिली होती, इकडे कोणी पाहिली नाही? विम्यासाठी गावाचं उत्पन्न काढायचं असतं. एका शेतात दोरी लावून, चार खुंट्या ठोकून तुकडा आखतात. तेवढंच कापतात, मळतात, तोलतात. मॅडमचे वडील कोतवाल, दोरीचं एक टोक त्यांच्या हाती असे, आणि दुसरं टोक धरायला ही पोर हौसेनं जायची. त्यातला पहिला धडा म्हणजे धुऱ्याजवळचं पीक धरायचं नाही. धुरा म्हणजे शेताचा बांध. तिथं शेळ्या तोंड घालतात, शेजारच्या झाडाची सावली पडते, ते पीक खऱ्या शेताचं नव्हे.

"थे दोन ठिपके धुऱ्यावरचे व्हते, सर. मी सोडून देल्ले. ठरवून नाही. मोजले बी नाही. हात आपोआप दूर गेला. आठ वर्सं मले समजलंच नाही, का मी सोडून राह्यली."

संध्याकाळी मार्गदर्शकांचा फोन आला. माणूस भला होता. ते म्हणाले, तळटीप टाका, कडेचे स्रोत अविश्वसनीय म्हणून वगळले. सगळेच टाकतात. मलाही ते पटलं. मी म्हणालो, "मॅडम, एका वाक्याचं काम. मी सुंदर करून देतो."

त्या माझ्यावर इतक्या भडकल्या, की प्रयोगशाळेतले परिचर उकंडाभाऊ दारात येऊन उभे राहिले. "कारन आधी असते, सर! मांगून शोधलं तर थे कारन नाही, पळवाट हाये!"

विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदत वर्षअखेर संपत होती. पुन्हा सगळं मोजायचं आणि पीळ दिसलाच नाही, तर आठ वर्षांचा निष्कर्ष 'काही नाही' असा लिहायचा, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला दुसरा विषय कोण देणार? हे त्यांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध परत मागवला.

त्याच आकाशाची नवी नोंद, वेगळ्या लांबीच्या लहरींची, पुण्याहून यायची होती. ती आली तरी मॅडमनी उघडली नाही. शुक्रवारी त्यांनी मला आणि उकंडाभाऊंना प्रयोगशाळेत बोलावलं. उकंडाभाऊ अनसिंगकडचे, निवृत्तीला आलेले, गावच्या पीक कापणीला पंच म्हणून बसलेला माणूस.

"भाऊ, कोनता तुकडा कापाचा हे कवा ठरते?" मॅडमनी विचारलं.

"आफिसातच ठरते. आकडा काढते. वावरात पाय ठेवाच्या आंधी," उकंडाभाऊ म्हणाले. "नाही त जो थो दोरी आपल्याकडे वढते."

"तेच. मी आठ वर्सं वाट पाहून राह्यली, माह्या हातानं दोरी वढल्या जाईनच. म्हनून मले दोन पंच पायजे. असे, का ज्याईले याच्यातलं काहीच समजत नाही." आणि त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं.

उकंडाभाऊंची छाती फुगली. मी अपमान झाल्यासारखा चेहरा केला, पण आतून मलाही मान मिळाल्यासारखंच वाटत होतं.

मॅडमनी नकाशा भिंतीला लावला आणि दोरा-पेन्सिल घेऊन समूहाभोवती रिंगण काढलं. या वेळी मोठं, धुरा आत घेणारं. त्यावर तिघांनी सह्या केल्या. मग त्या बाहेर गेल्या आणि आम्ही दार लावलं. नकाशात चाळीसेक ठिपके होते, काही रिंगणाच्या आत, काही बाहेर. संगणकावर, पुण्याहून आलेली प्रत्येकाच्या नावाची एक फाइल, आत नुसते आकडे. उकंडाभाऊ स्टीलच्या डब्यातून आकड्याची एकेक चिठ्ठी काढत, मी एका बोटानं फाइलचं नाव पुसून तो आकडा टाकत असे आणि कागदावर लिहीत असे: अमुक आकडा, अमुक ठिपका, आत. तमुक आकडा, तमुक ठिपका, बाहेर. दोन दुपारी गेल्या. कागद पाकिटात घालून उकंडाभाऊंनी परीक्षा विभागातून लाख आणून सील केलं, आणि पाकीट माझ्या कपाटात गेलं. आता कोणता ठिपका कुठला, हे मॅडमना समजायला मार्ग उरला नाही.

मोजणी सुरू झाली. मी त्यांना धीर द्यावा म्हणून एकदा म्हणालो, "मॅडम, काळजी करू नका." त्या ताडकन उठल्या. "सर, तुमच्या तोंडाकडे पाह्यचं नाही आता मले. काही बी समजल्या जाईन." त्या दिवसापासून त्यांची खुर्ची भिंतीकडे. डबा भिंतीकडे तोंड करून खायच्या. मी बोलायला लागलो की पदार्थविज्ञान विभागात निघून जायच्या. स्टाफरूमला वाटलं आमचं भांडण झालं. प्राचार्यांनी आम्हाला समोरासमोर बसवून समेट करायचा प्रयत्न केला, त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "साहेब, भांडन नाही. सराईचं तोंड लय बोलकं हाये." मला काय माहीत होतं? पाकिटात आत कोण नि बाहेर कोण एवढंच, त्यातून काय निघेल हे मला स्वप्नातही कळलं नसतं. पण ती पाठमोरी खुर्ची दिसली की मी कपाटाचं कुलूप ओढून बघून येई. कपाटाची किल्ली मी जानव्याला बांधली होती, घरी बायकोनं कारण विचारलं तर सांगता आलं नाही.

शेवटी एका शनिवारी प्रॅक्टिकल आटोपल्यावर मॅडमनी प्रयोगशाळेतला फळा पुसला. फळाभर एक आडवी रेघ. मधोमध शून्य. चुंबकत्व आपल्याकडे रोखलेलं असेल तर लहर एका बाजूला पिळते, उलट असेल तर दुसऱ्या बाजूला. जेवढी पिळली तेवढं शून्यापासून दूर. चाळीसेक आकडे त्या रेघेवर पांढऱ्या खडूनं मांडलेले होते. बहुतेकांची मधे गर्दी, काही डावीकडे लांब, काही उजवीकडे लांब.

"आत म्हनलं का तांबडं, बाहेर म्हनलं का निळं," मॅडम म्हणाल्या. "वाचा सर. हळू." बाहेरचे मधे आणि आतले दोन्हीकडे दूर फेकलेले निघाले तर चुंबकत्व खरं. सगळे मिसळलेले निघाले तर आठ वर्षं पाण्यात. हे मलाही समजत होतं.

उकंडाभाऊंनी सील फोडलं. मी वाचू लागलो. पहिला आत, मॅडमनी तांबडं वर्तुळ काढलं, अगदी मधल्या गर्दीत. दुसरा आत, तोही मधेच. तिसरा बाहेर, मधे. चौथा आत, मधेच. मी थांबलो, मॅडमनी खडूनंच 'पुढं' अशी खूण केली. पाचवा आत. खडू डावीकडे सरकला, आणखी सरकला. सहावा आत, उजवीकडे लांब. मग निळे, निळे, सगळे मधे. तांबडा, लांब. तांबडा, लांब. उकंडाभाऊ माझ्या खांद्यावरून कागदात बघत होते, त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

शेवटचा आकडा वाचून झाला. फळ्याच्या मधे निळी गर्दी होती, तिच्यात थोडे तांबडे, आणि दोन्ही टोकांना नुसतं तांबडं.

उकंडाभाऊ ओरडणार तोच मॅडमनी हात वर केला. "आता शेवटापासून वाचा. उलटं." आम्ही उलटं वाचलं. एकेक वर्तुळ त्यांनी तपासलं. मग त्या रेघेच्या दोन टोकांशी गेल्या. डावीकडचा सगळ्यात लांबचा ठिपका, उजवीकडचा सगळ्यात लांबचा ठिपका. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, नकाशाजवळ नेला, बोट ठेवलं आणि तशाच खाली स्टुलावर बसल्या.

ते दोन धुऱ्याकाठचे होते.

त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. "सर, थे दोनच सगळ्यात लांब निघाले! तेच मी बाहेर टाकले व्हते! धुऱ्यावर बी हाये, सर, धुऱ्याच्या पलीकडे बी असीन!" उकंडाभाऊंनी लाकडी टेबलावर दोन्ही हातांनी असा ठेका धरला, की वसतिगृहाच्या मुली धावत आल्या. काय झालं हे कोणाला कळलं नाही, पण त्याही नाचायला लागल्या. मी पन्नास वर्षांत एवढा आनंद पाहिला नाही. हे वाक्य मी मोजून लिहितो आहे.

निबंध छापून आला, आणि त्यात मॅडमनी आपली चूक एक पूर्ण परिच्छेदभर लिहिली. वडिलांची दोरी, धुरा, सोडलेले दोन ठिपके, सगळं. शेवटी आभारात आम्हा दोघांची नावं होती, विषय न समजल्याबद्दल. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, ते निकालापेक्षा त्या डब्यातल्या चिठ्ठ्यांबद्दलच जास्त विचारत राहिले. आमच्या गावच्या वर्तमानपत्रानं मथळा दिला, 'वाशीमच्या कन्येने अंतराळात शोधले लोहचुंबक'. मॅडमनी संपादकाला चार पानी पत्र लिहिलं, ते त्यांनी छापलं नाही. मार्गदर्शक म्हणाले, तुमचं रिंगणच लहान होतं, आता बाहेर बघा. आणि आणखी काही समूहांसाठी दुर्बिणीची वेळ मिळाली. दोन वर्षांची रजा घेऊन मॅडम पुण्याला निघाल्या.

त्यांना पोचवायला आम्ही वाशीम स्टेशनवर गेलो. प्राचार्यांनी हार आणला होता, मी चार ओळी लिहून आणल्या होत्या, फारशी अतिशयोक्ती नसलेल्या. गाडी थोडाच वेळ थांबणार होती. मॅडम चढल्या, त्यांना जागा मिळाली ती सोंगणीला, पीक कापायला, निघालेल्या बायांमध्ये, गाठोड्यांच्या मधोमध. एकीनं विचारलेलं आम्हाला खिडकीतून ऐकू आलं, "कुठं चालल्या बाई, एवढी माळ घालून?" मॅडमनी काहीतरी उत्तर दिलं. बायांना ते समजलं नसावं, कारण मॅडमनी हार काढून गाठोड्यावर ठेवला आणि बाह्या सावरल्या. मी कागद उघडून ओळी वाचायला घेतल्या, पहिलीच ओळ झाली आणि गाडी हलली. आम्ही सगळे हात हलवत डब्याबरोबर चालू लागलो. एका बाईनं गाठोड्यातलं लुगडं काढून दिलं होतं, त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं, दुसरं मॅडमच्या हातात होतं, आणि त्या ते लहरीसारखं डोलवत सावकाश पिळत होत्या. सगळा डबा वाकून त्यांच्या हातांकडे बघत होता. आमच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.